उंबरठ्याच्या आतले अपघात आणि दारी येणारी आशाताई

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे येथील कोणत्याही गृहिणीला वेगळे सांगावे लागत नाही. उजनीचे पाणी काही दिवसांआड मिळते आणि मिळेल त्या वेळी ते भरून ठेवावे लागते. म्हणून बंगल्याच्या अंगणाखाली टाकी असते, जुन्या वाड्यात हौद असतो, चाळीच्या व्हरांड्यात पिंपे असतात आणि पत्र्याच्या खोलीच्या दाराशी निळे बॅरल उभे असते. साठवलेले पाणी म्हणजे संसाराचा आधार. परंतु नुकतेच उभे राहू लागलेले मूल त्याच पाण्याकडे खेळणे म्हणून पाहते. अशा बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीच्या काठाला धरून ते आत वाकले, की तोल जातो आणि पुन्हा वर येण्याइतके बळ हातांत नसते. बादलीतले वीतभर पाणीही त्या वयात जीव घेऊ शकते, आणि हे सारे आवाज न होता घडते.

लहान मुलांचे मृत्यू म्हटले, की मनात ताप, जुलाब, न्यूमोनिया, कुपोषण यांची नावे येतात. लसीकरण, क्षारसंजीवनी आणि सुधारलेले उपचार यांमुळे या आजारांवर पुष्कळ प्रमाणात मात करता आली. जसजसे आजार मागे हटतात, तसतसे दुखापतींचे प्रमाण ठळक दिसू लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली बालकांच्या दुखापतींवर एक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात दररोज दोन हजारांहून अधिक मुले टाळता येण्याजोग्या अपघाती दुखापतींनी दगावतात, असे त्यात नमूद आहे. बुडणे, भाजणे, पडणे, विषबाधा आणि रस्त्यावरील अपघात ही त्यांची मुख्य कारणे. यांतील रस्त्यावरचा अपघात सोडला, तर बाकीचे चारही बहुधा घराच्या उंबरठ्याच्या आत किंवा अंगणात घडतात. श्रीमंत देशांतही गरीब घरांतील मुलांना त्यांचा धोका अधिक असतो, असेही त्या अहवालाचे सांगणे आहे.

नशीब की वेळापत्रक?

घरात असे काही घडले, की 'नशिबात होते' असे म्हणून मन शांत करण्याची रीत आहे. दुःखात बुडालेल्या आईला त्या शब्दांनी थोडा आधार मिळत असेल, तर त्यांना नावे ठेवू नयेत. परंतु बाळाच्या वाढीकडे नीट पाहिले, तर या अपघातांना एक ठरावीक क्रम असल्याचे ध्यानात येते. चार-पाच महिन्यांचे बाळ कूस बदलते, तेव्हा ते खाटेवरून पडते. सात-आठ महिन्यांचे बाळ रांगू लागते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. तेव्हा नाणे, गुंडी, शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो. दहाव्या महिन्याच्या सुमारास ते धरून उभे राहते; तेव्हा ओट्यावरून लोंबणारा टेबलक्लॉथ किंवा इस्त्रीची वायर ओढते आणि उकळता चहा अंगावर घेते. वर्षाचे मूल चालू लागले, की बादली, बॅरल, जिना आणि गच्ची त्याच्या आवाक्यात येतात.

म्हणजे कोणत्या महिन्यात कोणता धोका दारात उभा राहणार, हे बरेचसे आधीच सांगता येते. जे आधी सांगता येते, त्याची तजवीजही आधी करता येते. अडचण एवढीच, की ही गोष्ट योग्य वेळी, योग्य घरात जाऊन, त्या घराची परिस्थिती पाहून कोणीतरी सांगावी लागते. दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला फलक हे काम करू शकत नाही.

एका खोलीचा संसार

सोलापूरची कीर्ती चादरीची आणि टॉवेलची. १८७७ साली येथे 'जुनी गिरणी' सुरू झाली आणि पुढे हे गाव गिरणगाव म्हणून वाढले. गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग राहिले, आणि त्यांच्या जोडीला घराघरांतून चालणारा विडी वळण्याचा धंदा राहिला. हजारो स्त्रिया आजही कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणतात, घरी बसून विड्या वळतात आणि मोजून परत देतात. शहरालगतच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी 'रे नगर' उभे राहत असून १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. स्वतःचे पक्के घर मिळणे ही गरीब आईच्या दृष्टीने बाळाच्या सुरक्षिततेची पहिली पायरी होय, हे मान्य करावयास हवे.

तरीही घर पक्के झाल्याने घरातील काम बदलत नाही. विडी वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप असते, सुपात तंबाखू असते, हाताशी पाने कापण्याची कात्री असते आणि शेजारी बाळ असते. तंबाखूतील निकोटीन हे लहान बाळाच्या दृष्टीने जहरच. चिमूटभर तंबाखू तोंडात गेली, तरी उलट्या, लाळ गळणे, मलूलपणा येऊ शकतो. दिवसाची मजुरी विड्यांच्या हजारावर ठरत असल्याने आईला हात थांबवून बाळामागे धावणे परवडत नाही. यंत्रमागाच्या शेडला लागून राहणाऱ्या कुटुंबात उघड्या वायरी आणि फिरते पट्टे असतात. गॅस घरात आला तरी सिलिंडर पुरवून वापरण्यासाठी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते, आणि चूल जमिनीवर असते. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे गेला, की सारे कुटुंब गच्चीवर निजते, आणि त्या गच्चीला अनेकदा कठडा नसतो.

अशा घरात जाऊन 'बाळाकडे लक्ष ठेवा' असे सांगणे म्हणजे आईला तिच्या गरिबीबद्दल दोष देण्यासारखे आहे. ती लक्ष ठेवतेच. एका खोलीत स्वयंपाक, काम, झोप आणि पाणी एकत्र नांदत असताना एका माणसाचे लक्ष कुठे कुठे पुरणार, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना जगात आणि महाराष्ट्रात जो एक मार्ग पुन्हा पुन्हा हाती लागला, तो म्हणजे घरभेटीचा.

जामखेड आणि गडचिरोलीचा धडा

घरभेटीची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर आणि सॅल्फर्ड या कापडगिरण्यांच्या गावांत १८६२ साली काही स्त्रियांच्या संस्थेने गरीब वस्तीतील घरोघरी जाऊन मातांना स्वच्छता आणि बालसंगोपन समजावण्यासाठी पगारी स्त्रिया नेमल्या. तेथील आजच्या आरोग्यभेट सेवेचा उगम त्यातच मानतात. गिरणगावाच्या दाट वस्तीतच या कल्पनेची गरज प्रथम भासली, ही गोष्ट सोलापूरकरांना परकी वाटू नये.

महाराष्ट्रात या विचाराला स्वतःचे रूप मिळाले ते जामखेड येथे. सोलापूरहून फार दूर नसलेल्या या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्याच स्त्रिया, त्यांतील अनेक निरक्षर आणि दलित समाजातील, निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण देण्यात आले. ज्या बाईला गावात कोणी विचारीत नव्हते, तिच्याकडे गरोदर सुना सल्ला विचारू लागल्या. आपल्यातलीच बाई आपल्या घरी येऊन आपल्या बोलीत सांगते, तेव्हा ते पटते, हा जामखेडचा धडा होता.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तोच धागा पुढे नेला आणि त्याला शास्त्रीय मोजमापाची जोड दिली. १९९५ पासून एकोणचाळीस गावांत 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षित केलेल्या गावातल्या स्त्रिया नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, अंगावरचे दूध नीट पाजायला आईला शिकविणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे, अशी त्यांची कामे ठरलेली होती. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. १९९९ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गडचिरोलीचे नाव जगभर गेले.

या कामाचा देशव्यापी परिणाम झाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती आली होतीच. २०११ साली नवजात बालकांच्या घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम तिच्या हाती देण्यात आला. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. २०१८ पासून त्याला पुढची जोड मिळाली: बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे असताना पाच भेटी. शहरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाल्यानंतर शहरांच्या वस्त्यांतही आशाताई फिरू लागल्या.

या दुसऱ्या टप्प्याच्या पाच भेटींचे महिने आणि वर सांगितलेला बाळाच्या वाढीचा क्रम शेजारी मांडून पाहावा. कूस बदलणे, रांगणे, उभे राहणे, चालणे या प्रत्येक पायरीच्या आगेमागे आशाताईची एक भेट ठरलेलीच आहे. ही भेट मुख्यतः पोषण, लसीकरण, स्वच्छता आणि बाळाच्या विकासासाठी आखलेली आहे. त्याच भेटीत पाच मिनिटे घरातील धोक्यांकडे पाहिले, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही.

सल्ला पुरतो का?

घरभेटीने दुखापती खरोखर कमी होतात का, हे पाहण्याचा सर्वांत काटेकोर प्रयत्न अमेरिकेत झाला. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी प्रथमच आई होणाऱ्या चारशे स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांत गरीब, अल्पवयीन आणि एकाकी माता बहुसंख्य होत्या. काहींच्या घरी गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका नियमित जात असत. ज्या घरी परिचारिका गेली, तेथील मुलांना आयुष्याच्या दुसऱ्या वर्षी अपघात आणि विषबाधेसाठी रुग्णालयात आणावे लागण्याचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले. पुढे १९९०च्या सुमारास मेम्फिस शहरात, मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय मातांमध्ये, हाच प्रयोग झाला. तेथेही दुखापतींमुळे रुग्णालयात काढावे लागलेले दिवस स्पष्टपणे घटले.

मात्र प्रत्येक ठिकाणी असेच घडले नाही. इंग्लंडमध्ये सोळाशेहून अधिक अल्पवयीन मातांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे या विशेष भेटींमुळे मुलांना तातडीने रुग्णालयात नेण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्या देशात प्रत्येक बाळाच्या घरी आरोग्यसेविका जाण्याची सोय आधीपासून आहे, हे एक कारण सांगितले जाते. जेथे आधार मुळातच भक्कम आहे तेथे अधिकची भेट फारशी भर घालीत नाही. जेथे आईजवळ विचारायला कोणी नसते, तेथे तीच भेट मोलाची ठरते. सोलापूरच्या गरीब वस्त्या या दोहोंपैकी कोठे मोडतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

न्यूयॉर्क शहराचा आणखी एक अनुभव येथे उपयोगी आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील उंच इमारतींच्या खिडक्यांतून लहान मुले पडून दगावण्याचे प्रमाण फार होते. शहराच्या आरोग्य खात्याने एक मोहीम काढली. कार्यकर्ते मुले असलेल्या घरी जात, धोका समजावीत आणि खिडकीला बसविण्याची जाळी विनामूल्य देत. ब्राँक्स भागात दोन-तीन वर्षांतच अशा घटना निम्म्यावर आल्या. पुढे १९७६ साली लहान मुले असलेल्या घरांना खिडकीची जाळी बसवून देणे घरमालकांवर बंधनकारक करण्यात आले. नुसता उपदेश झाला असता, तर ज्या आईजवळ जाळीचे पैसे नव्हते तिने तो ऐकला असता आणि खिडकी उघडीच राहिली असती. भेट, वस्तू आणि नियम या तिन्हींनी मिळून मुले वाचली.

घरात काय पाहावे

चांगल्या घरभेटीची रीत साधी असते. आशाताईने दारातून सूचना न देता आत बसावे, बाळाला मांडीवर घ्यावे, त्याने नवे काय शिकले ते आईला विचारावे आणि मग बाळाच्या उंचीवरून खोलीकडे पाहावे. आई एकटी असेल तर तिच्याशी, आणि घरात सासूबाई किंवा आजी असतील तर त्यांच्याशी आधी बोलावे. कारण बाळाला शेक द्यावा की नाही, धुरी द्यावी की नाही, हे अनेक घरांत त्यांच्या शब्दावर ठरते. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीच्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो आणि ठिणगीने झोळी पेटू शकते. ऊब हवी असेल तर बाळ आईच्या छातीशी कपड्यात लपेटून ठेवणे ही सर्वांत सुरक्षित शेगडी आहे, हे आजींना समजावून सांगितले, की पटते. काही भागांत पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके देण्याची प्रथा अजूनही बातम्यांत येते. असा प्रकार कानी आला तर तेथे मात्र संकोच न धरता थांबवावयास हवे.

सोलापूरच्या घरांसाठी पाहण्याजोग्या गोष्टी पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पाणी: बॅरलला आणि पिंपाला घट्ट बसणारे झाकण असावे, ते नसेल तर फळी ठेवून तीवर जड दगड ठेवावा. अंघोळ झाली की बादली रिकामी करून पालथी घालावी. टाकीच्या तोंडाला कुलूप असावे.

आग आणि ऊन पाणी: चुलीभोवती विटांचा छोटा कठडा करावा. तापलेले पाणी उचलून नेताना आधी 'बाळ कोणाजवळ आहे?' हा प्रश्न विचारण्याची सवय लागावी. बादलीत प्रथम गार पाणी आणि मग ऊन पाणी ओतावे.

तोंडात जाणाऱ्या वस्तू: शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे तुकडे, नाणी आणि खेळण्यातील बटणासारखे सेल बाळापासून दूर ठेवावेत. शेंगा हा सोलापूरचा जिव्हाळ्याचा पदार्थ. तरीही चार वर्षांपर्यंत मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, कूट करून द्यावा. विडीचे सूप जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा चौरंगावर ठेवावे आणि काम संपताच सांडलेली तंबाखू झाडून घ्यावी.

विषारी द्रव्ये: रॉकेल, फिनेल, ॲसिड, उंदराचे औषध हे पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते. तिच्यातील द्रव्य त्याला ओळखता येत नाही.

झोळी, खाट आणि गच्ची: साडीची झोळी जमिनीपासून फार उंच बांधू नये आणि तिच्या गाठी दररोज ओढून पाहाव्यात. गच्चीवर झोपताना बाळ कडेला न ठेवता दोन मोठ्या माणसांच्या मध्ये घ्यावे आणि जिन्याच्या तोंडाशी फळी आडवी लावावी.

दुर्घटना घडलीच तर

घाबरलेल्या घरात चुकीचे उपचार लवकर सुचतात. भाजल्यास टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तूप लावू नये. भाजलेल्या जागी सुमारे वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. नळ कोरडा असेल तर साठवलेल्या स्वच्छ पाण्याने तांब्या तांब्याने धार धरावी. बर्फ लावू नये. बाकीचे अंग मात्र पांघरुणात ठेवावे, म्हणजे बाळ गारठत नाही. नंतर स्वच्छ कोरड्या फडक्याने झाकून दवाखान्यात न्यावे.

रॉकेल किंवा ॲसिड पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते किंवा अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. बटणासारखा सेल गिळल्याची नुसती शंका असली तरी थांबू नये. एक वर्षाच्या आतील बाळाच्या घशात काही अडकून ते रडू किंवा खोकू शकत नसेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली राहील असे धरून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि हे आलटून पालटून करीत राहावे. न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये. पडल्यानंतर बाळाला वारंवार उलट्या झाल्या, ग्लानी आली किंवा झटका आला, तर त्याला उशीर न करता न्यावे. १०८ क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते, आणि हा क्रमांक प्रत्येक आशाताईने आईच्या मोबाइलमध्ये भरून द्यावा.

पेढीवरून काय करता येईल

हा विषय केवळ सरकारचा किंवा गरीब वस्तीचा नाही. व्यापारी घराण्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. दुकानात माल उचलणारा हमाल, घरी भांडी घासणारी बाई, गोदामाची राखण करणारे जोडपे यांच्या घरी कोठेतरी एक रांगते बाळ असतेच. कायद्याने मिळणारी सहा महिन्यांची प्रसूतिरजा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेतील स्त्रीला मिळते. घरकाम करणाऱ्या बाईला ती मिळत नाही. तिला काही महिने पगारासह रजा देणे किंवा आशाताईच्या भेटीच्या दिवशी उशिरा येण्याची मुभा देणे, हे मालकिणीच्या हाती आहे. बाळ बरोबर आणणाऱ्या बाईसाठी माजघराचा एक कोपरा मोकळा करून देणे हेही पुष्कळ आहे.

दुसरी गोष्ट दुकानाच्या गल्ल्याशी निगडित आहे. फिनेल, ॲसिड, रंगाचे पातळ द्रव्य, उंदराचे औषध ही द्रव्ये कोणाच्या तरी काउंटरवरूनच घरात जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या सुट्या विक्रीवर कडक बंधने घातली. खरेदीदाराची नोंद ठेवणे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला ते न विकणे बंधनकारक झाले. कायद्याचा मूळ हेतू वेगळा असला, तरी त्याचे काटेकोर पालन लहान मुलांनाही वाचविते. ग्राहकाने पाण्याची रिकामी बाटली पुढे केली, तर 'यात देत नाही' असे म्हणण्याने एका विक्रीचा नफा जाईल. तेवढ्याने एखाद्या घरातील मूल मात्र वाचेल. खेळणी विकणाऱ्याने सेलचे झाकण स्क्रूने बंद होते की नाही हे पाहून माल घ्यावा. बारशाला चाकांचा वॉकर भेट देण्याची हौस आवरावी. त्याने बाळ लवकर चालत तर नाहीच, उलट जिन्यावरून कोसळते. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

तिसरी गोष्ट दानाची. दवाखान्याला खाट, धर्मशाळेला खोली, शाळेला वर्ग देण्याची सोलापूरच्या व्यापारी घराण्यांची परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. त्या देणग्यांवर नावाची पाटी लागते. बॅरलचे झाकण, जिन्याची फळी, चुलीभोवतीच्या विटा, उघड्या वायरीसाठी लागणारी पट्टी, या वस्तूंवर पाटी लागत नाही. एका घराला पुरेल एवढा हा सारा संच एका सणाच्या मिठाईच्या खर्चात होतो. एखाद्या मंडळाने एका वस्तीची जबाबदारी घ्यावी, तेथील आशाताईंना विचारून घरांची यादी करावी आणि झाकणे व फळ्या त्यांच्याच हातून पोहोचवाव्यात. देणाऱ्यांनी मध्ये उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. आशाताईचा त्या घरातील मान वाढला, की तिच्या पुढच्या भेटीला अधिक अर्थ येतो.

आशाताईंच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. त्यांना मिळतो तो मुख्यतः कामावर आधारित मोबदला. नियमित पगारदार कर्मचाऱ्याचे स्थान त्यांना नाही, आणि त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रात वारंवार आंदोलने केली आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. सन्मान मोठा होता. तरी उन्हातान्हात वस्ती पालथी घालणाऱ्या त्या बाईला पाणी, बसायला जागा आणि वेळेवर मोबदला हवा असतो. तिच्या खांद्यावर आणखी पाच मिनिटांचे काम टाकावयाचे असेल, तर त्याचे शिक्षण, साहित्य आणि मोबदला देण्याचा आग्रह नगरसेवकांकडे आणि महापालिकेकडे समाजातील वजनदार मंडळींनीच धरावयास हवा. त्यांचा शब्द तेथे ऐकला जातो. विडी वळणाऱ्या आईचा क्वचितच.

उन्हाळा तोंडावर आला, की सोलापुरात पाण्याचे दिवस लांबतात, बॅरलांची संख्या वाढते आणि गच्च्यांवर अंथरुणे पडू लागतात. झाकणे आणि फळ्या वस्तीत पोहोचविण्याचे काम त्याच्या आधीच उरकावयास हवे, आणि त्याची सुरुवात आपल्याच घरी काम करणाऱ्या बाईला तिचे बाळ किती महिन्यांचे झाले, हे विचारण्यापासून होऊ शकते.